परिमेय घातांक करणी चिन्हात लिहिताना : छेद आधी वाचा

माझी मुलगी आठवीत असताना एका रात्री तिच्या वहीत १६^(१/२) = ८ असे मी स्वतःच्या हाताने लिहून दिले. दुसऱ्या दिवशी वही परत आली तेव्हा त्या ओळीवर लाल काट होती, आणि मुलीच्या चेहऱ्यावर जे होते ते त्या काटेपेक्षा जास्त झोंबणारे होते. मी दिवसभर हिशेबाचे काम करते. १/२ दिसले की निम्मे करायचे, ही माझ्या हाताची सवय आहे, आणि सोळाचे निम्मे आठच होतात. चूक एवढीच होती की तो १/२ सोळाच्या शेजारी नव्हता, सोळाच्या डोक्यावर होता.

त्यानंतर मी बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकातील घातांक आणि नववीच्या पुस्तकातील करणी हे दोन्ही भाग पहिल्या उदाहरणापासून स्वतः सोडवले. ज्या ठिकाणी मी अडखळले, बहुतेक त्याच ठिकाणी मुलेही अडखळतात, असे नंतर शेजारच्या दोन-तीन मुलांना शिकवताना लक्षात आले. म्हणून हा लेख पुस्तकाच्या क्रमाने लिहिलेला नसून अडखळण्याच्या क्रमाने लिहिला आहे.

लेखनपद्धतीबद्दल आधी एक सूचना करते. संगणकावर घातांक वर चढवून लिहिणे सोयीचे नसल्यामुळे येथे त्यासाठी ^ हे चिन्ह वापरले आहे. म्हणजे ८^(२/३) याचा अर्थ ‘आठचा घातांक दोन छेद तीन’; असा अपूर्णांकात लिहिलेला घातांक म्हणजेच परिमेय घातांक. वर्गमूळ, घनमूळ आणि चौथे मूळ यांसाठी √, ∛ आणि ∜ ही चिन्हे आहेत. त्यापुढील मुळांसाठी कोटी, म्हणजे कितवे मूळ ते सांगणारा आकडा, चौकटी कंसात आधी लिहिली आहे, जसे [५]√३२. वहीत मात्र तुम्ही नेहमीप्रमाणे घातांक वर आणि कोटी चिन्हाच्या खाचेत लहान आकड्यात लिहा. पुस्तकात इंग्रजी अक्षरे असतात, तेथे मी अ, म, न आणि क्ष घेतले आहेत.

१. बसण्यापूर्वी जवळ काय असावे

साहित्य फार लागत नाही, पण जे लागते ते खरोखर जवळ असावे, कारण मध्येच पाढा आठवत बसले की मूळ प्रश्न हातातून सुटतो.

– १ ते २० पर्यंतचे वर्ग, १ ते १० पर्यंतचे घन आणि १ ते ५ पर्यंतचे चौथे घात. हे एका कागदावर लिहून समोर ठेवावेत. पाठ नसले तरी चालते. आठ-दहा दिवसांत ते आपोआप पाठ होतात.
– २ चे घात दहाव्या घातापर्यंत : २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, १०२४.
– घातांकांचे तीन नियम : समान पाया असलेल्या संख्यांचा गुणाकार करताना घातांकांची बेरीज होते, भागाकार करताना वजाबाकी होते, आणि घाताचा घात घेताना घातांकांचा गुणाकार होतो.
– एखाद्या संख्येचे मूळ अवयव पाडण्याची सवय. हे साहित्य नव्हे, पण याच्याशिवाय पुढचे काही होणार नाही.
– घातांकाची कळ असलेला कॅल्क्युलेटर, फक्त पडताळ्यासाठी. तो कसा फसवतो ते पुढे सांगितले आहे.

२. शब्दांची ओळख करून घ्या

८^(२/३) मध्ये ८ हा पाया आहे आणि २/३ हा घातांक. घातांकातील २ हा अंश व ३ हा छेद. हेच ∛(८^२) असे लिहिले की √ हे करणी चिन्ह, त्याच्या खाचेतला ३ ही कोटी आणि चिन्हाखालची संख्या ही करणीस्थ संख्या. वर्गमुळाची कोटी २ असते, पण ती लिहिण्याची पद्धत नाही, आणि न लिहिलेला हा दोनच नवख्या माणसाला सर्वांत जास्त छळतो.

आपल्या बोलीत ‘करणी’ म्हटले की लिंबू-मिरची आणि गावाबाहेरचा पिंपळ आठवतो, त्यामुळे मुले या शब्दाला पहिल्या दिवशी हसतात. हसू द्यावे. गणितातला हा शब्द फार जुना आहे. यज्ञवेदीची मापे सांगणाऱ्या शुल्बसूत्रांत द्विकरणी, त्रिकरणी असे शब्द येतात आणि बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या बीजगणितात करणी दाखवण्यासाठी संख्येआधी नुसता ‘क’ लिहिला आहे. √ हे चिन्ह त्या मानाने अलीकडचे; ते क्रिस्टोफ रुडॉल्फ यांच्या १५२५ सालच्या जर्मन पुस्तकात छापले गेले. आणि १/२, ३/२ असे घातांक डोक्यावर लिहिण्याची आजची रीत न्यूटनने १६७६ सालच्या एका पत्रात समजावून सांगितलेली आहे. म्हणजे आपण शिकत आहोत ते एकाच गोष्टीच्या दोन लिप्यांमधले लिप्यंतर आहे. संख्या तीच राहते, फक्त लिहिण्याची रीत बदलते. लिप्यंतरानंतर किंमत बदलली, तर चूक झाली हे नक्की समजावे.

३. १/२ म्हणजे वर्गमूळच का, हे एकदा स्वतः पाहा

नियम पाठ करण्याआधी हे पाच मिनिटांचे काम करा. ९^(१/२) म्हणजे काय हे आपल्याला माहीत नाही, असे समजू. पण ते जे काही असेल त्याला त्यानेच गुणले, तर समान पायाच्या नियमाने घातांकांची बेरीज झाली पाहिजे :

९^(१/२) × ९^(१/२) = ९^(१/२ + १/२) = ९^१ = ९

ज्या धन संख्येला तिनेच गुणल्यावर ९ मिळतात, ती संख्या ३. म्हणून ९^(१/२) = √९ = ३. याच रीतीने ८^(१/३) तीन वेळा घेऊन गुणले की घातांकांची बेरीज १ होते, म्हणून ८^(१/३) हे आठचे घनमूळ, म्हणजे २. घातांकांचे जुने नियम अपूर्णांकांनाही लागू राहावेत, या एकाच अटीतून हा अर्थ निघालेला आहे. तो कोणी वरून लादलेला नाही. मला हे पटले त्या दिवसापासून सोळाचे निम्मे करण्याची माझी सवय सुटली.

ज्यांना पावकी-निमकी-दीडकीचे पाढे आठवतात, त्यांनी एक जोडी मनात ठेवावी : चारची दीडपट सहा, पण चारचा दीडवा घात आठ. ४^(३/२) म्हणजे (√४)^३ = २^३ = ८. पट आणि घात यांतले अंतर याहून थोडक्यात मला कोणाला सांगता आलेले नाही.

४. छेद आधी वाचा

या लेखातून एकच सवय उचलायची असेल तर ती ही. अपूर्णांक आपण वरून खाली वाचतो, ‘दोन छेद तीन’ असे. म्हणून डोळा आधी अंशावर पडतो आणि हात अंशाप्रमाणे चालू लागतो. परिमेय घातांक मात्र खालून वाचावा. छेद सांगतो की कितवे मूळ काढायचे. झाडाचे मूळ खाली असते, तसे घातांकातले मूळही खाली, छेदात असते. हा छेद करणी चिन्हाच्या खाचेत कोटी म्हणून जातो.

अ^(१/न) = [न]√अ

उदाहरणार्थ, ६४^(१/२) = √६४ = ८, ६४^(१/३) = ∛६४ = ४ आणि ६४^(१/६) = [६]√६४ = २. पाया एकच, छेद वाढत गेला तसे उत्तर लहान होत गेले. हे तीन आकडे एकाखाली एक लिहून बघितले की, छेदाने भागायचे नसते, हे डोळ्यांना पटते.

येथे एक सापळा आहे. ७^(१/३) चे रूपांतर करताना घाईत ३√७ लिहिले जाते. ३√७ म्हणजे तीन गुणिले सातचे वर्गमूळ, आणि ∛७ म्हणजे सातचे घनमूळ. पहिल्याची किंमत जवळपास ७.९४ आणि दुसऱ्याची १.९१. वहीत तीनचा आकडा किती मोठा आणि किती वर काढला आहे, एवढ्यावर उत्तर चुकते किंवा बरोबर येते. म्हणून कोटी खाचेत शिरेल इतकी लहान काढा, आणि गुणक असेल तर तो चिन्हापासून सुटा ठेवा.

५. अंशाचे काय करायचे : दोन वाटा

अंश हा साधा घात आहे. अ^(म/न) याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो आणि दोन्ही बरोबर आहेत : ‘अ च्या म व्या घाताचे न वे मूळ’, म्हणजे [न]√(अ^म), किंवा ‘अ च्या न व्या मुळाचा म वा घात’, म्हणजे ([न]√अ)^म. पाया धन असेल तोपर्यंत दोन्हींचे उत्तर एकच येते.

पण दोन्ही वाटांचे कष्ट सारखे नाहीत. ३२^(३/५) घ्या. आधी घात घेतला, तर ३२ चा घन ३२७६८ येतो आणि मग त्याचे पाचवे मूळ शोधत बसावे लागते. आधी मूळ घेतले, तर [५]√३२ = २ आणि २^३ = ८; एका ओळीत संपते. मी पहिल्यांदा पहिल्या वाटेने गेले, ३२७६८ चे अवयव पाडताना दोन वेळा चुकले आणि अर्ध्या पानानंतर आठवर पोहोचले. पाया सुबक संख्या असेल, म्हणजे तिचे मूळ पूर्ण निघत असेल, तर आधी मूळ काढावे. मूळ पूर्ण निघत नसेल, उदाहरणार्थ ५^(२/३), तर आधी घात घेऊन ∛(५^२) = ∛२५ असे लिहावे, कारण तेथे मूळ काढण्यासारखे काहीच नसते आणि उत्तर एका चिन्हाखाली नेटके बसते.

आणखी थोडी उदाहरणे :

२७^(२/३) = (∛२७)^२ = ३^२ = ९
१६^(३/४) = (∜१६)^३ = २^३ = ८
१००^(३/२) = (√१००)^३ = १०^३ = १०००

६. घातांक नेमका कोणाच्या डोक्यावर आहे ते पाहा

घातांक त्याच्या लगेच डावीकडे जे असेल त्याचाच असतो, त्यापलीकडे नाही. कंस असेल तर संपूर्ण कंसाचा. हा नियम लहान आहे, पण गुण जातात ते बहुतेक येथेच.

३क्ष^(१/२) म्हणजे ३√क्ष. येथे ३ करणी चिन्हाच्या बाहेर राहतो. (३क्ष)^(१/२) म्हणजे √(३क्ष). येथे ३ आत जातो. तसेच −१६^(१/४) म्हणजे आधी ∜१६ = २ आणि मग त्यापुढे ऋण चिन्ह, म्हणून −२. परंतु (−१६)^(१/४) म्हणजे उणे सोळाचे चौथे मूळ, आणि असे मूळ वास्तव संख्यांत नाही, कारण कोणत्याही वास्तव संख्येचा चौथा घात ऋण येत नाही.

बेरीज कंसात असेल तर आणखी जपावे. (९ + १६)^(१/२) = √२५ = ५. हे ३ + ४ = ७ असे सोडवण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. मूळ गुणाकारावर आणि भागाकारावर वाटता येते, बेरीज-वजाबाकीवर वाटता येत नाही.

ऋण पायाची गोष्ट येथेच संपवते. छेद विषम असेल तर शाळेच्या गणितात ऋण पाया चालतो : (−८)^(१/३) = ∛(−८) = −२. मात्र घातांक आधी अतिसंक्षिप्त रूपात आणावा. १/३ ऐवजी २/६ लिहून (−८)^२ = ६४ केले आणि त्याचे सहावे मूळ काढले, तर उत्तर २ येते; चिन्हच बदलते. अशा गोंधळामुळेच पुस्तकांत परिमेय घातांकाची व्याख्या धन पाया गृहीत धरून दिलेली असते. ती अट वाचून सोडून देण्यासाठी नसते.

७. ऋण घातांक : आधी उलटा, मग मूळ

घातांकापुढचे ऋण चिन्ह उत्तराला ऋण करत नाही. ते पायाला छेदात पाठवते. २५^(−३/२) सोडवताना क्रम असा ठेवा : ऋण चिन्ह पाहून १/२५^(३/२) लिहा, छेद पाहून वर्गमूळ ५ काढा, अंश पाहून त्याचा घन १२५ करा. उत्तर १/१२५. तीन सूचना, तीन ओळी. एकाच ओळीत तिन्ही उरकण्याची घाई करू नये.

पाया अपूर्णांक असेल तर तो सरळ उलटावा : (८/२७)^(−२/३) = (२७/८)^(२/३) = (३/२)^२ = ९/४.

८. घातांक दशांशात किंवा मिश्र रूपात आला तर

करणी चिन्हात लिहायचे असेल तर आधी तो साध्या अपूर्णांकात आणावा लागतो, कारण कोटी ही पूर्ण संख्याच असते. १६^०.७५ म्हणजे १६^(३/४) = ८. ३२^०.४ म्हणजे ३२^(२/५) = २^२ = ४. घातांक अडीच असेल, तर २^(५/२) = √(२^५) = √३२, आणि त्यातून पूर्ण वर्ग १६ बाहेर काढला की ४√२. येथे दुसरी वाटही आहे : अडीच म्हणजे दोन अधिक अर्धा, म्हणून २^२ × २^(१/२) = ४√२. मला ही दुसरी वाट जास्त आवडते, कारण चिन्हाबाहेर काय येणार हे घातांकाकडे बघूनच कळते.

९. अक्षरे आली की

अक्षरांना तीच रीत लागू आहे. क्ष^(२/३) = ∛(क्ष^२). अंश छेदापेक्षा मोठा असेल, तर वर अडीचचे केले तसे पूर्ण भाग वेगळा काढावा : क्ष^(५/३) मध्ये ५/३ म्हणजे १ अधिक २/३, म्हणून क्ष × ∛(क्ष^२).

एक बारीक गोष्ट शिक्षकही कधी कधी घाईत सोडून देतात. (क्ष^२)^(१/२) चे उत्तर नेहमी क्ष नसते. क्ष = −५ घेतले, तर वर्ग २५ आणि त्याचे वर्गमूळ ५; ते −५ नाही. म्हणून √(क्ष^२) हे क्ष चे केवल मूल्य, म्हणजे ऋण चिन्ह सोडून उरणारी किंमत, असते. उदाहरणात ‘क्ष धन आहे’ असे लिहिले असेल तरच नुसता क्ष लिहावा.

१०. उत्तर सरळ रूपात आणा, आणि ‘करणी’ शब्द जपून वापरा

७२^(१/२) = √७२ एवढ्यावर थांबले तर रूपांतर झाले, पण उत्तर पूर्ण झाले नाही. ७२ = ३६ × २, म्हणून ६√२. तसेच ५४^(१/३) = ∛(२७ × २) = ३∛२. वर्गमूळ असेल तर जोड्या शोधायच्या, घनमूळ असेल तर तिकड्या. छेदात जी कोटी असेल तेवढे सारखे अवयव जमले की त्यांतला एक बाहेर येतो.

करणी चिन्ह असलेली प्रत्येक संख्या करणी नसते, हेही लक्षात असू द्या. करणीस्थ संख्या धन परिमेय असावी आणि तिचे ते मूळ अपरिमेय, म्हणजे पूर्णांकांच्या अपूर्णांकात लिहिता न येणारे, निघावे, तेव्हाच तिला करणी म्हणतात. √५ ही करणी आहे; √४ ही नाही, कारण ती फक्त २ आहे. ∛९ ही करणी आहे, ∛२७ नाही. ‘पुढीलपैकी करणी ओळखा’ हा प्रश्न यावरच उभा असतो.

११. उलटी वाट, आणि ती कशासाठी

आतापर्यंत आपण घातांकाकडून चिन्हाकडे आलो. उलटे जाणेही तितकेच कामाचे आहे, किंबहुना माझ्या मते या धड्याचा खरा फायदा तेथेच आहे. √२ × ∛२ चा गुणाकार चिन्हांत पाहिला तर काही सुचत नाही, कारण कोटी वेगळ्या आहेत. घातांकात लिहिल्याबरोबर तो पाचवीच्या अपूर्णांकांच्या बेरजेइतका सोपा होतो :

२^(१/२) × २^(१/३) = २^(३/६ + २/६) = २^(५/६) = [६]√३२

तसेच ∜९ पाहा. ९ = ३^२, म्हणून ∜९ = ३^(२/४) = ३^(१/२) = √३. चिन्हाच्या लिपीत चौथे मूळ वाटणारी संख्या साधे वर्गमूळ निघाली. आणि मुळाचे मूळ, जसे ∛(√क्ष), असेल तर १/२ आणि १/३ यांचा गुणाकार करून [६]√क्ष. कोटींची बेरीज करू नका. २ आणि ३ मिळून ५ होतात म्हणून [५]√क्ष लिहिणारे मी पाहिले आहेत, आणि त्यांत मी स्वतःही होते.

१२. टेबलावरचा एक कागद

हे सगळे कशाला, असे मुलीने विचारले तेव्हा प्रिंटरमधला एक ए-चार कागद काढून तिच्यापुढे ठेवला. त्याचे माप २१० गुणिले २९७ मिलिमीटर. हे आकडे असे विचित्र का, याचे उत्तर परिमेय घातांकात आहे.

या मालिकेतला सर्वांत मोठा कागद ए-शून्य. त्याचे क्षेत्रफळ १ चौरस मीटर ठेवलेले आहे, आणि लांबी-रुंदीचे गुणोत्तर √२ : १, कारण हे गुणोत्तर असलेला कागद मधोमध कापला की दोन्ही तुकड्यांचे गुणोत्तर तेच राहते. या दोन अटींतून ए-शून्यची लांबी २^(१/४) मीटर आणि रुंदी २^(−१/४) मीटर येते. गुणाकार करून पाहा, घातांकांची बेरीज शून्य, म्हणजे क्षेत्रफळ १. गुणोत्तर पाहा, घातांकांची वजाबाकी १/२, म्हणजे √२. करणी चिन्हात लिहिले तर लांबी ∜२, जवळपास १.१८९ मीटर, आणि रुंदी १/∜२, जवळपास ०.८४१ मीटर.

ए-शून्य चार वेळा निम्मा केला की ए-चार. दर दोन वेळा निम्मा करताना प्रत्येक बाजू निम्मी होते, म्हणून चार वेळांत प्रत्येक बाजू एक चतुर्थांश, म्हणजे २^(−२) पट. तेव्हा ए-चारची रुंदी :

२^(−१/४) × २^(−२) = २^(−९/४) = १/∜(२^९) = १/∜५१२ = १/(४∜२)

छेदाचे परिमेयीकरण करायचे, म्हणजे छेदातली करणी घालवायची, तर वर-खाली ∜८ ने गुणावे, म्हणजे छेदात ४∜१६ = ८ येतात आणि उत्तर ∜८/८. किंमत काढली तर ०.२१०२ मीटर. लांबी २^(१/४) × २^(−२) = २^(−७/४), म्हणजे ∜२/४, किंमत ०.२९७३ मीटर. पट्टी लावली तर तेच माप.

आता त्या कागदाची आखूड बाजू लांब बाजूवर दुमडा, म्हणजे एक तिरकी घडी पडेल. ती घडी २१० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण आहे. दुसरा ए-चार कागद घेऊन त्याची लांब बाजू या घडीवर ठेवा. दोन्ही बरोबर जुळतात, कारण कर्ण २१० × √२, म्हणजे २९७. शुल्बसूत्रांतली द्विकरणी ती हीच : दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू. झेरॉक्सच्या दुकानात ए-तीनचा ए-चार करताना ७१ टक्के आणि उलट करताना १४१ टक्के लावतात, तेही २^(−१/२) आणि २^(१/२) यांचेच गोळाबेरीज आकडे आहेत. मुलीने तिरकी घडी तीन वेळा घालून पाहिली. त्यानंतर तिने ‘कशाला’ विचारले नाही.

१३. कॅल्क्युलेटरने पडताळा घेताना

८^(२/३) काढताना घातांकाचा कंस घातला नाही, तर यंत्र आधी ८ चा वर्ग ६४ करते आणि मग तीनने भागते. उत्तर ४ ऐवजी २१.३३ दिसते. कंस नेहमी घाला. दुसरे, १/३ ऐवजी ०.३३ टाकू नका, ८^०.३३ चे उत्तर २ न येता सुमारे १.९८६ येते, आणि मूळ पूर्ण निघते आहे हे त्यामुळे कळतच नाही. तिसरे, ऋण पाया. पायथॉनसारख्या संगणकीय भाषेत (−८) चा १/३ वा घात मागितला, तर −२ न मिळता एक संमिश्र संख्या मिळते. यंत्र चुकलेले नसते. त्याची व्याख्या शाळेच्या व्याख्येपेक्षा वेगळी असते, एवढेच.

१४. सराव

पुढील उदाहरणे आधी करणी चिन्हात लिहा, मगच किंमत काढा. प्रत्येक वेळी बोट छेदावर ठेवून सुरुवात करा. हसू येईल, पण ठेवा.

(१) १२५^(२/३)
(२) ८१^(−३/४)
(३) (−३२)^(२/५)
(४) ०.०४^१.५
(५) क्ष^(७/४), क्ष धन
(६) √३ × ∛३
(७) ५^(−२/३), छेदाचे परिमेयीकरण करून

उत्तरे : (१) (∛१२५)^२ = २५. (२) १/(∜८१)^३ = १/२७. (३) ([५]√(−३२))^२ = (−२)^२ = ४; छेद विषम असल्यामुळे ऋण पाया येथे चालतो. (४) ०.०४ म्हणजे १/२५ आणि १.५ म्हणजे ३/२, म्हणून (१/५)^३ = १/१२५ = ०.००८. (५) क्ष × ∜(क्ष^३). (६) ३^(५/६) = [६]√२४३. (७) १/∛२५; वर-खाली ∛५ ने गुणले की छेदात ∛१२५ = ५, म्हणून ∛५/५. सातव्यात अनेकजण वर-खाली ∛२५ ने गुणतात, वर्गमुळाच्या सवयीने. त्याने छेदात ∛६२५ येते आणि करणी तशीच राहते. घनमुळात तिकडी पुरी करायची असते, आणि २५ मध्ये पाच दोनदा आधीच आहे, म्हणून फक्त एका पाचची उणीव भरायची.